रातांब्याचं बोट

यंदा रातांबे लवकर पिकले. चैत्र सरायच्या आतच परसातल्या कोकमाच्या झाडाखाली लाल सडा पडायला लागला. सकाळी मागचं दार उघडलं की वास आत येतो, आंबट, थोडा नासका, तरी नकोसा न वाटणारा. दोन दिवस तो वास घरात राहिला की पडवीतला पाट, विळी, मिठाची बरणी, सगळं आपोआप जागेवर येऊन बसल्यासारखं वाटतं. मोसम सुरू झाला, हे कॅलेंडर मला शेवटी सांगतं.

रेवा, तुझं कार्ड याच दिवसांत आलं. जाड, खरबरीत कागद. मधोमध एक मोठा केलेला लाल ठसा, बोटाच्या सगळ्या रेषा त्यात झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या उमटलेल्या. खाली तू शिकून शिकून काढलेल्या मराठी अक्षरांत 'आजीचं बोट'. मागच्या बाजूला तुझ्या भावाने, निहारने, नऊ बाय नऊचे चौकोन आखलेत आणि एका चौकोनात स्वतःचं तोंड काढलंय. तीन वर्षांपूर्वी मी पाठवलेल्या एका कोड्याच्या फोटोवर तो डाग होता, आणि तू तो फोटो इतके दिवस जपलास.

भिंतीवर लावलं का, असं तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी, खिळा मिळत नाही, असं सांगितलं. खिळ्यांचा डबा माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे, आकाराप्रमाणे वेगळ्या पुड्या करून ठेवलेला. कार्ड त्याच कपाटात पालथं ठेवलं आहे. ते बोट माझं नाही.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी मी पाण्याचा पंप चालू ठेवून विसरले. टाकी भरून वाहिली, वाहून वाहून पाणी दारापुढच्या खळ्यात आलं, आणि मी आत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्याच आठवड्यात तुमच्या बाबाला फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली. पंधरा दिवसांत तो इथे येऊन उभा राहिला. मला कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, ते मी नीट काढलं. मग शंभरातून सात सात वजा करत मागे यायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी इथवर आले, आणि पुढचा आकडा येईना. तीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलेली बाई मी. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे. डोकं कामात ठेवा, कोडी सोडवा, पत्ते खेळा, आणि माणसांत बसा. यातलं शेवटचं मी ऐकलंच नाही. माणसांत बसणं हे औषध असेल, असं मला वाटलंच नाही.

बाबाने अंककोड्यांची चार पुस्तकं आणून दिली. सोप्यापासून अवघडापर्यंत. रोज एक तरी सोडवायचं आणि फोटो पाठवायचा, असं ठरलं. विमानतळावर जायला निघताना तो हसत म्हणाला, "तीन दिवस फोटो आला नाही तर तुला मेलबर्नला घेऊन जाणार." तो हसत होता, पण तिकिटाच्या तारखा बघून आला होता, हे मला माहीत होतं. मला तुमच्याकडे राहायला आवडत नाही, असं नाही. पण इथे खिडकीतून माडांच्या मधून खाडीचा एक तुकडा दिसतो. भरती आली की तो रुंद होतो, ओहोटीला चिंचोळा. त्या तुकड्यावरून माझा दिवस चालतो. तो सोडून मी कुठे बसणार होते?

म्हणून मी कामाला लागले. पडवीत टेबल, टेबलावर दोन टोक केलेल्या पेन्सिली, एक खोडरबर, दहा ते अकरा वेळ. पहिलं पुस्तक सुरळीत पार पडलं. तुम्ही दोघं टाळ्यांची चित्रं पाठवायचात. दुसऱ्या पुस्तकात अर्ध्यावर आकडे हलायला लागले. एका ओळीत सात धरून ठेवला की तोवर उभ्या रांगेतला हरवायचा. खोडून खोडून कागदाला भोक पडायचं. अकराचे साडेअकरा व्हायचे, बारा व्हायचे. तेवढ्यात रातांबे आले.

रातांबे म्हणजे द्वारकावन्सं. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, तुमची आत्याआजी. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती माहेरी परत आली ती कायमची. शाळा दुसरीपर्यंत. मी लग्न होऊन आले तेव्हा तिने मला पहिलं काम शिकवलं ते रातांबे फोडायचं. फळ हातात दाबून फोडायचं, बिया आणि गर एका भांड्यात, साल दुसऱ्यात. गरात मीठ घालायचं, साली त्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, दुसऱ्या दिवशी परत बुडवून परत उन्हात. असं सहा-सात वेळा झालं की साल काळी, मऊ, चमकदार होते. ती आमची सोलं, म्हणजे आमसुलं. तुमच्या डब्यात मी जी पाठवते ती. त्या दिवसांत तिचे हात मनगटापर्यंत लाल असायचे आणि साबणाने ते कधी जायचे नाहीत. माझे मात्र मी लिंबू चोळून स्वच्छ करायची. फळ्यासमोर लाल हात बरे दिसत नाहीत, असं म्हणायची.

तर ती माझ्या टेबलापासून दोन हातांवर पाटावर बसून रातांबे फोडत होती आणि मी खोडत होते. बराच वेळ बघून तिने विचारलं, "ह्यां काय गो, वयनी?"

मी वर्गात सांगावं तसं सावकाश, सोपं करून सांगितलं. प्रत्येक आडव्या ओळीत एक ते नऊ, उभ्या ओळीत एक ते नऊ, छोट्या चौकोनातही तेच, कोणी दोनदा येता कामा नये. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे पंगतच ही. नव घरां. एका वळीत एका घराचो एकच माणूस बसूक होयो."

मी हसले होते. ते हसणं मला अजून आठवतं.

तिचं मात्र खरं होतं. चाळीस वर्षं आमच्या वाडीतल्या लग्नामुंजींत, देवळाच्या समाराधनेत बायकांची पंगत ती बसवायची. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचा बांधावरून वाद आहे, कोणाला मान पहिला द्यायचा, कोणाची सून कोणाच्या सासूसमोर जेवत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. हातात कागद नाही. तुमच्या आईबाबांच्या लग्नात विहिरीच्या वाटेवरून भांडलेली दोन घरं एकाच वेळी येऊन उभी राहिली आणि मी घाबरले. तिने त्यांना एकाच ओळीत शेजारी शेजारी बसवलं. मी डोळे मोठे केले तर म्हणाली, "मधी मांडवाचो खांब आसा मगे." दोन्ही घरं पोटभर जेवली.

तिने माझ्या कागदावर वाकून पाहिलं. इंग्रजी आकडे तिला ओळखता येत नव्हते, ते मी एकेक वाचून दाखवले. तिने प्रत्येकाला वाडीतलं एकेक घर देऊन टाकलं. सात म्हणजे ज्यांचं कोणाशीच पटत नाही ते घर. "सात कोपऱ्यात बरो. मधी बसलो तर जेवणां चालूक देवचो नाय." मग तिचं लाल बोट एका चौकोनावर टेकलं. "हयसर पाच येतलो. दुसरीकडे खंय बसतलो तो?"

खरंच, दुसरीकडे कुठेही तो बसत नव्हता. मी पाच लिहिला. मग सहा, मग दोन. रातांबे फोडता फोडता, मधूनच मान वर करून, तिने अर्ध्या तासात ते कोडं संपवलं. आकडे माझ्या अक्षरात होते. फक्त पाचावर तिच्या बोटाचा लाल ठसा होता. त्या कोड्याचं दुसरं पान नव्हतं, वेळ उलटून गेली होती. मी तसाच फोटो काढून पाठवला.

रेवा, तू लगेच विचारलंस, आजी, ते लाल काय आहे? मी उत्तर दिलं की रातांबे फोडता फोडता सोडवलं, माझंच बोट. खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. तू नऊ वर्षांची होतीस. बदामाची तीन चित्रं पाठवलीस.

त्यानंतर रोज मी टेबल आणखी पुढे ओढायची, तिच्या पाटाजवळ. "वन्सं, इथे बसा, इथे उजेड बरा आहे." मी वाचायची, ती बसवायची, मी लिहायची. कागदावर बोट टेकू नका, एवढं मात्र तिला सांगून ठेवलं. ती हवेतच बोट दाखवायची. शेजारची बाई एकदा विचारायला लागली, तर मी तिला म्हटलं, हल्ली यांना रोज थोडा वेळ कोड्यांना बसवते, या वयात डोक्याला चालना हवी. वन्संनी मान खाली घालून रातांबा फोडला. त्यांना ते लागलं की हसू आलं, हे मी पाहिलं नाही.

मी शिक्षिका असताना एका मुलीला परीक्षेत शेजारणीचं बघून लिहिताना पकडलं होतं. वर्गाबाहेर उभं केलं, घरी चिठ्ठी पाठवली. ती रडत म्हणत होती की एकच उत्तर बघितलं. एक काय आणि दहा काय, असं मी तिला ऐकवलं. त्या मोसमात मी दोन पुस्तकं संपवली. दुसऱ्याच्या डोक्याने.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

वैशाखात एका रविवारी दुपारी बाबाचा व्हिडिओ कॉल आला. तो खूश होता. म्हणाला, आई, तू चौथ्या पुस्तकात आहेस, मला ती कोडी जमत नाहीत, मी उगाच घाबरलो होतो. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाला की आता त्याला काळजी आत्याची वाटते. तिचं वय झालं, लिहिणं-वाचणं नाही, डोक्याला काही काम नाही. असलं विसरणं तिला आधी गाठणार, आणि मग तू एकटी तिचं काय करणार? तिच्या दिराचा मुलगा बांद्याला आहे, त्याचं मोठं घर आहे, तो न्यायला तयार आहे. तुला काही जाणवतं का तिच्यात?

वन्सं दोन हातांवर होत्या. फोनच्या चौकटीत येत नव्हत्या, पण ऐकत होत्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की कोडी त्याच सोडवतात. पाच शब्दसुद्धा नव्हते. आणि मला दिसला विमानाचा दरवाजा, तुमच्या घरातली ती नीटनेटकी पाहुण्यांची खोली, आणि खाडी नसलेली खिडकी.

मी म्हटलं, "हो रे, हल्ली विसरतात त्या जरा. परवा सोलकढीत मीठ दोनदा पडलं."

मीठ मी घातलं होतं. दोन्ही वेळा. वन्संनी ती सोलकढी प्यायली होती आणि वर भाताला आणखी घेतली होती.

फोन ठेवल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं नाही. रातांबा फुटल्याचा आवाज येत होता, एकानंतर एक, त्याच गतीने. मग त्या म्हणाल्या, "माका धाडूचा तर धाडा. पण सोलां सुकापर्यंत तरी रवा."

आम्ही तेवढे थांबलो. एवढं आम्ही त्यांचं ऐकलं.

मिरगाच्या आठवडाभर आधी पुतण्या गाडी घेऊन आला. चांगला माणूस आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. वन्संनी एक पिशवी घेतली. निघताना मला फडताळापाशी नेऊन दाखवलं: खालच्या बरणीत गेल्या सालची सोलं, ती आधी काढायची, वरच्यात यंदाची, ती दसऱ्यापर्यंत उघडायची नाहीत, तुमच्यासाठी निवडलेली वेगळी, पांढऱ्या फडक्यात, डाव्या बाजूला, झाकणाला दोरा बांधलाय तो मुंग्यांसाठी. हे सगळं एका दमात, एकही वस्तू न चुकता. मी वहीत लिहून घेतलं, कारण मला लक्षात राहणार नव्हतं.

त्या पावसाळ्यातही तुम्हाला रोज फोटो मिळाले. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतात. ती उतरवायला दहा मिनिटं पुरतात. खरं वाटावं म्हणून मी मधूनच एखादा आकडा खोडून परत लिहायची. उरलेली पन्नास मिनिटं मी पाटाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायची. घरात बोलायला कोणी नव्हतं. कधी कधी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना माझाच आवाज मला घोगरा वाटायचा, दिवसभर न वापरल्यासारखा.

कार्तिकात मी एसटीने बांद्याला गेले. बाजारापासून जवळच त्यांचं घर. वन्सं प्लास्टिकच्या खुर्चीत टीव्हीसमोर बसल्या होत्या, स्वच्छ साडी, स्वच्छ हात. ते हात इतके गोरे मी कधी पाहिले नव्हते. पुतण्याच्या बायकोने चहा दिला आणि आपुलकीने सांगितलं की आम्ही त्यांना काडीसुद्धा उचलू देत नाही. सकाळी उठायचं, नाश्ता, इथे बसायचं, जेवण, झोप. इथे कोणी ओळखीचं नाही, मग जाणार कुठे? पाच महिने. ज्या डोक्यात सबंध वाडी राहत होती त्याला कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

त्यांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग हात धरून हळू विचारलं, "कोडां कोण सोडवता आता?"

"कोणी नाही," मी म्हटलं. त्या वर्षातलं माझं ते पहिलं खरं बोलणं असावं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन घरी आले. तुमच्या बाबाला कळवलं की मला एकटीला करमत नाही. तेही खोटं नव्हतं, आणि पूर्ण खरंही नव्हतं. कोडी पाठवणं मी डोळ्यांचं कारण सांगून थांबवलं. तोवर बाबाला माझी काळजी उरली नव्हती.

वन्सं परत आल्या, पण सगळ्या आल्या नाहीत. आधी नावं गेली. मग फडताळातली बरणी शोधत त्या न्हाणीघरात जायला लागल्या. गेल्या वर्षी समाराधनेला मुद्दाम त्यांना नेलं, तर पंगतीच्या कडेला उभ्या राहून त्या बघत राहिल्या आणि मला विचारलं की आपण कोणाकडे आलो आहोत. ते पाच महिने नसते तर हे झालं नसतं का? कुडाळच्या डॉक्टरांना मी हा प्रश्न विचारलेला नाही. ते हसून म्हणतील की असं सांगता येत नाही, वय होतंच. तेवढ्या उत्तरावर मी सुटेन, आणि मला तसं सुटायचं नाही.

हे मी इंग्रजीत लिहू शकले असते. माझं इंग्रजी चांगलं आहे. तुम्ही दोघांनी ते परस्पर वाचलं असतं, आणि मुलं मोठ्यांना पटकन माफ करतात. मराठीत लिहिलं की ते बाबाला तुम्हाला वाचून दाखवावं लागेल, मोठ्याने, प्रत्येक शब्द. मिठाचा भाग आला की तो थांबेल. त्याला थांबू द्या, घाई करू नका.

आज सकाळी पडवीत पाट मांडला. रातांबे फोडणं मात्र वन्संच्या हातांना अजून येतं. दाबलं, फोडलं, बिया इकडे, साल तिकडे. मी टेबल ओढलं आणि पहिल्या, सगळ्यांत सोप्या पुस्तकातलं एक कोडं पुढ्यात घेतलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ह्यां काय गो, वयनी?"

"पंगत आहे, वन्सं. नऊ घरं आहेत. पाचाला कुठे बसवू या?"

त्यांचं बोट कागदावरून फिरत राहिलं. आता मी त्यांना कागदाला हात लावू नका असं म्हणत नाही. शेवटी ते एका चौकोनावर टेकलं. त्या ओळीत पाच आधीच होता. "हयसर बसव," त्या म्हणाल्या. "जागा आसा."

मी लिहिला पाच. मग उठले, कपाटाच्या दुसऱ्या खणातून खिळा काढला, आणि, रेवा, तुझं कार्ड भिंतीवर लावलं. 'आजीचं' या शब्दाआधी पेन्सिलीने 'आत्या' लिहिलं. मग वन्संना हात धरून समोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. फोनचं, मिठाचं, बांद्याचं, सगळं, जसं घडलं तसं. त्यांनी ठशाकडे बघितलं, मग स्वतःच्या लाल बोटाकडे.

"माजां बोट कशाक आसतलां?" त्या म्हणाल्या. आणि मलाच समजावावं तशा आवाजात, "कोडां तूच सोडवतंस मगे."

मी रचलेलं खोटं तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं आहे. खरं काय होतं ते ठाऊक असलेली आता मी एकटीच, आणि शंभरातून सात वजा करत मी परवा त्र्याण्णवालाच थांबले. म्हणून आज, अकराच्या आत, हे लिहून ठेवलं.